कुसळ

दस्तगीरभाईंच्या दुकानामागच्या खोलीत
आधी पंखा बंद होतो,
मग खिडकी, मग दोघांचे मोबाइल.
कादराबादच्या गल्लीत एखादी रिक्षा हॉर्न देत राहते,
ती जाईपर्यंत आम्ही थांबतो
घाम पुसत.

टेबलावर दोन हेडफोन.
एक त्यांचा, लाकडी कपांचा, भाच्याने दुबईहून आणलेला.
एक माझा, सहा वर्षांच्या ओव्हरटाइमचा.
किंमत अजून घरी सांगितलेली नाही.
बायको एवढंच विचारते,
यात रेडिओ लागतो का?

भांडण वरच्या सुरांचं आहे.
खर्जाबद्दल आमचं काही म्हणणं नाही,
खर्ज दोन्हीकडे काळ्या रानासारखा, पाय रुतेल असा.
पण वर, जिथे आवाज बारीक होत होत
नुसती चकाकी उरते,
तिथे माझा हेडफोन म्हणे टोचतो.
"कुसळ आहे मियाँ," भाई म्हणतात,
"हुरड्यात राहिलेलं.
दाणा गोड, घशात मात्र खवखव."

बावीस वर्षं मी एमआयडीसीत रोल घासायचो.
लोखंड गुळगुळीत झालं का
ते डोळ्यांनी नाही, नखाने बघायचं.
नख अडलं की पुन्हा मशीनवर.
ऐकतोही मी तसाच,
आवाजावरून हळूच नख फिरवत.

टेप ठरलेली. भाईंच्या खालाचं लग्न,
परतूरला, चौऱ्याऐंशी साली.
ढोलकीभोवती बायका, टाळ्या,
आणि प्रत्येक टाळीच्या मागून काचेच्या बांगड्या.
त्यांच्या हेडफोनात त्या बांगड्या
तुपातून काढल्यासारख्या, सगळ्या एकजात.
नख कुठेच अडत नाही.
माझ्यात, डाव्या बाजूला,
एक बांगडी पिचलेली आहे.
टाळी पडून जाते
आणि तेवढीच मागे राहते, चिर्र.

"हाच तो खडबडीतपणा," भाई.
"ही तर बाई आहे कुणीतरी," मी म्हणलो,
"तिला कामून घासून टाकायचं?"

मग ते बराच वेळ गप्प.
टेप मागे. पुन्हा मागे.
"जुलेखाआपा आसंल.
बांगडी फुटेपर्यंत काढायची नाही ती."
माझा हेडफोन त्यांनी कानावर तसाच ठेवला,
गाणं संपलं तरी.
"पण ट्रेबल म्हणून बघशील
तर माझाच तलम."

तेवढ्यात त्यांची नात आली, अरीबा,
चौथीतली, मोसंबी खात.
चिकट हातांनी तिने आधी माझा लावला, मग त्यांचा.
कपाळाला आठी.
"यात मच्छर आहे."
कोणत्यात?
"दोन्हीत. बारीक. कुईंऽऽ. अख्खं गाणंभर."

आम्ही ऐकलं.
आवाज वाढवून ऐकलं.
डोळे मिटून ऐकलं, जसे मोठे जाणकार ऐकतात.
"आत्ता पण आहे!" ती ओरडली,
बोट वर, हवेत,
कटलेला पतंग दाखवावा तसं.

कंपनीच्या तपासणीत डॉक्टरने एक आलेख दिला होता:
चार हजारापाशी खड्डा, पुढे सगळा उतार,
आणि उताराखाली मे महिन्यातली कुंडलिका.
तो कागद हेडफोनच्याच खोक्यात आहे,
वॉरंटी कार्डाखाली, चार घड्या घालून.
भाईंनी तर कधी तपासलेलंच नाही.

डोळ्यातल्या कुसळा-मुसळाची म्हण
शाळेत पाठ केली होती.
कानासाठी तशी नाही.
का असेल, आणि आम्हालाच ऐकू आली नसेल.

भाईंनी पंखा लावला.
थोडा वेळ आम्ही वारा खाल्ला, कुणाकडे न बघता.
मग त्यांनी पंखा पुन्हा बंद केला,
स्टूल पुढे ओढलं.

"अरीबा, हात धू. बैस इथं.
आता नीट ऐकून सांग,
मच्छर कुणाचा जास्त मऊ?"